जुन्या गाडीचं इग्निशन: वायरिंग नव्याने कसं करायचं आणि इलेक्ट्रॉनिकवर कसं जायचं

माझी गाडी पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मस्त पळायची. सपाट रस्त्यावर पाय जरा सैल केला की मात्र मिसिंग सुरू. मी कार्ब्युरेटर खोलला, पेट्रोलचा फिल्टर बदलला, पंप बदलला. दोन महिने त्यात गेले. दोष निघाला डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) आत, बोटभर लांबीच्या एका वायरमध्ये.

पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच. त्याची प्लेट या वायरने डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीला आर्थ होते. वरचं विणलेलं कापडी आवरण अगदी धडधाकट दिसत होतं. चिमटीत धरून हलकेच ताणली, तर इलॅस्टिकसारखी लांबली. आतल्या तांब्याच्या तारा केव्हाच तुटल्या होत्या, नुसतं आवरण उरलं होतं. हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर इंजिनातला व्हॅक्यूम (हवेची ओढ) वाढतो, त्यावर चालणारी व्हॅक्यूमची डबी प्लेट फिरवते आणि तुटलेली टोकं एकमेकांपासून लांब जातात. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की व्हॅक्यूम जवळजवळ संपतो, प्लेट जागेवर येते, टोकं पुन्हा जुळतात. दोन महिन्यांचं कोडं एवढंच होतं.

त्यानंतर मी इग्निशन मुळापासून केलं. पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी हा सगळा क्रम लिहितोय. पॉइंट, कंडेन्सर आणि एक कॉइल असलेली, १२ व्होल्टची पेट्रोल गाडी गृहीत धरली आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बहुतेक जण इथेच फसतात: इलेक्ट्रॉनिक किट (पॉइंटऐवजी बसणारं मॉड्यूल) हे आजारी वायरिंगवरचं औषध नाही. जुनी यंत्रणा आधी पॉइंटवर नीट चालवा, मगच किट बसवा. नाहीतर बिघाड जुना की नवा, हेच कळणार नाही.

जवळ काय हवं

डिजिटल मल्टिमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्या), टायमिंग लाइट, पाने आणि बारीक स्क्रू ड्रायव्हर, वायर सोलायचा आणि लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) दाबायचा चांगला पक्कड, हीट श्रिंक स्लीव्ह, बारीक पॉलिश पेपर, कॅमला लावायचं ग्रीस, खडू किंवा पांढरा रंग. गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवाच. पॉइंटची गॅप, टायमिंगचे अंश (ठिणगी नेमकी कधी पडायची) आणि फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) हे तीन आकडे त्यातूनच घ्यायचे, कोणाच्या सांगण्यावरून नाही.

लग दाबायच्या पकडीत काटकसर करू नका. साध्या पकडीने चेपलेला लग आज घट्ट वाटतो आणि सहा महिन्यांनी इंजिनच्या कंपनाने सैल होतो.

१. सुटं करण्याआधी नोंद करा

प्रत्येक जोडणीचा फोटो काढा आणि शिवाय कागदावर आकृती काढा. फोटोत वायरचा रंग तेलकट दिसतो, पांढरी आणि राखाडी वेगळी कळत नाही. प्लग वायरींवर टेप लावून सिलिंडरचे नंबर लिहा. डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर आणि इंजिनवर मिळून एक आडवी खूण करा. रोटरचं (डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरणाऱ्या तुकड्याचं) तोंड कुठे आहे तेही लिहून ठेवा.

मग बॅटरी बघा. कुठलं टर्मिनल बॉडीला जोडलंय? साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह आर्थ असत. निगेटिव्ह आर्थसाठी बनवलेलं मॉड्यूल अशा गाडीला जोडलं तर किल्ली फिरवताच जळू शकतं. काही गाड्या मधल्या काळात कोणीतरी निगेटिव्ह आर्थ करून घेतलेल्या असतात, म्हणून पुस्तकावर विसंबू नका, डोळ्यांनी बघा.

बॅटरी सोडताना आर्थची वायर आधी काढा आणि जोडताना ती शेवटी लावा.

२. ठिणगी कशी पडते, ते आधी समजून घ्या

पॉइंट आणि कॉइलची ही मांडणी अमेरिकी संशोधक चार्ल्स केटरिंग यांची. १९१० च्या सुमारास कॅडिलॅकमध्ये ती आली आणि पुढे अनेक दशकं जवळजवळ सगळ्या पेट्रोल गाड्या तिच्यावरच चालल्या.

कॉइलमध्ये तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. जाड तारेचे थोडे वेढे म्हणजे प्रायमरी, बारीक तारेचे हजारो वेढे म्हणजे सेकंडरी. पॉइंट मिटलेले असताना प्रायमरीतून करंट वाहतो आणि कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडताच करंट तुटतो, ते क्षेत्र कोसळतं आणि सेकंडरीत २०,००० व्होल्टच्या आसपास दाब उठतो. तो दाब कॉइलच्या मधल्या टोकातून रोटरवर, रोटरवरून कॅपमधून (डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातून) योग्य त्या प्लगवर जातो. म्हणजे ठिणगी पॉइंट उघडताना पडते, मिटताना नाही. टायमिंगचं सगळं काम या एका वाक्यावर उभं आहे.

कंडेन्सरचं काम करंट झटक्यात तोडणं. तो नसेल तर उघडणाऱ्या पॉइंटमध्येच ठिणगी उडत राहते, पॉइंट जळतात आणि प्लगवर दुबळी ठिणगी येते. चार सिलिंडरच्या इंजिनाला ३,००० फेऱ्यांवर सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. इवल्याशा पॉइंटवर किती भार असतो, याचा यावरून अंदाज येईल.

३. आहे ती यंत्रणा मोजा

ही पायरी गाळावीशी वाटेल. गाळू नका.

इंजिन हाताने फिरवून पॉइंट मिटतील असं ठेवा आणि किल्ली चालू करा. मीटर २० व्होल्टच्या रेंजवर.

आधी बॅटरीचं पॉझिटिव्ह आणि कॉइलचं किल्लीकडून येणारं टोक यांच्यामध्ये मोजा (गाडी निगेटिव्ह आर्थ धरून सांगतोय). बॅलास्ट (कॉइलच्या वाटेतला रेझिस्टर, पायरी ४ बघा) नसलेल्या गाडीत इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर स्विच, फ्यूजबॉक्स किंवा एखादा गंजलेला लग वाटेतच व्होल्टेज खातोय.

मग कॉइलचं डिस्ट्रिब्युटरकडे जाणारं टोक आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये मोजा. इथे ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत यायला हवं. जास्त असेल तर पॉइंट काळे पडलेत, किंवा प्लेटची ती आर्थ वायर गेलीय, किंवा डिस्ट्रिब्युटर इंजिनला नीट आर्थ होत नाहीये. मीटर लावलेला असतानाच व्हॅक्यूमच्या डबीला तोंडाने नळीतून हवा ओढा, म्हणजे प्लेट हलेल. आकडा नाचला तर वायर तुटलेली आहे. ही चाचणी मला आधी माहीत असती तर ते दोन महिने वाचले असते.

पॉइंट मिटलेले असताना किल्ली एका मिनिटापेक्षा जास्त वेळ चालू ठेवू नका. करंट सतत वाहतो, कॉइल तापते.

४. बॅलास्ट आहे की नाही, ते शोधा

सगळ्यात जास्त कॉइल आणि मॉड्यूल या एका प्रश्नापायी जळतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

जुन्या गाड्यांमध्ये कॉइल दोन प्रकारच्या. पहिल्या प्रकारच्या प्रायमरीचा रोध साधारण ३ ओहम असतो, ती सरळ १२ व्होल्टवर चालते आणि सुमारे ४ अँपिअर घेते. दुसरीचा रोध साधारण १.५ ओहम. तिच्या वाटेत तेवढ्याच रोधाचा बॅलास्ट रेझिस्टर असतो, त्यामुळे चालू इंजिनात तिला कमी व्होल्टेज मिळतं. सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज खाली येतं, तेव्हा वेगळ्या वायरने बॅलास्ट टाळून कॉइलला सरळ बॅटरीचा करंट दिला जातो. त्यामुळे थंडीत गाडी पटकन चालू होते.

बॅलास्ट कधी चिनीमातीच्या विटेसारखा समोर दिसतो. कधी तो वायरिंगच्या जुडग्यातच रोधाच्या तारेच्या रूपात लपलेला असतो आणि साध्या वायरसारखाच दिसतो. तो शोधायला पॉइंट मिटलेले ठेवून किल्ली चालू करा आणि कॉइलच्या किल्लीकडच्या टोकावर आर्थच्या सापेक्ष व्होल्टेज मोजा. १२ च्या जवळ आलं तर बॅलास्ट नाही. ६-७ च्या आसपास आलं तर आहे. इथला सापळा असा की पॉइंट उघडे असतील तर करंटच वाहत नाही, आणि बॅलास्ट असला तरी मीटर १२ दाखवतो. पॉइंट मिटलेत याची खात्री करूनच मोजा.

कॉइलचा रोध मोजताना तिच्या सगळ्या वायरी काढा. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करा, कारण १.५ आणि ३ च्या हिशोबात ते दोन-तीन दशांश महत्त्वाचे असतात.

१.५ ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय पॉइंटवर लावली तर ८-९ अँपिअर वाहतात. पॉइंट थोड्याच दिवसांत जळतात. उलट, ३ ओहमची कॉइल बॅलास्टमागे लावली तर गाडी चालते, पण ठिणगी मरगळलेली राहते आणि दोष कार्ब्युरेटरच्या माथी मारला जातो. कॉइल विकत घेताना ‘१२ व्होल्ट’ एवढ्यावर जाऊ नका. रोध किती, हे विचारा.

५. प्रायमरी वायरिंग नव्याने करा

वायर गाडीसाठीचीच घ्या, अनेक बारीक तारांची. घरातल्या वायरिंगची एका जाड तारेची वायर कंपनाने तुटते. कॉइलच्या वायरींना १.५ चौरस मिलिमीटर पुरेसं आहे.

मूळ रंगच वापरा. ब्रिटिश गाड्यांत किल्लीपासून कॉइलपर्यंत पांढरी, कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरपर्यंत काळ्या पट्टीची पांढरी आणि बॅटरीतून थेट येणारी तपकिरी. जर्मन गाड्यांत टर्मिनलवर आकडे असतात: किल्लीमागून येणारं १५, कॉइलचं डिस्ट्रिब्युटरकडचं टोक १, बॅटरीचं थेट ३०, आर्थ ३१. पाच वर्षांनी जो कोणी ही गाडी उघडेल, त्याला हे रंग आणि आकडेच वाट दाखवतील.

निगेटिव्ह आर्थ गाडीत कॉइलचं निगेटिव्ह टोक डिस्ट्रिब्युटरला जातं. पॉझिटिव्ह आर्थमध्ये उलट. जुन्या कॉइलवर अधिक-उणेऐवजी एसडब्ल्यू आणि सीबी लिहिलेलं असतं: पहिलं स्विचकडचं, दुसरं पॉइंटकडचं. गाडी पॉझिटिव्हवरून निगेटिव्ह आर्थ केली असेल तर या दोन वायरींची अदलाबदल करायला हवी, आणि नेमकं तेच राहून जातं. उलटी जोडली तरी गाडी चालते. पण प्लगचा मधला गरम इलेक्ट्रोड इलेक्ट्रॉन सहज सोडतो, त्यामुळे तो निगेटिव्ह असेल तर ठिणगीला कमी व्होल्टेज लागतं. उलट्या कॉइलचं रडगाणं वरच्या वेगात आणि थंड इंजिनात ऐकू येतं.

डिस्ट्रिब्युटरमधल्या दोन्ही छोट्या वायरी, पॉइंटची आणि प्लेटच्या आर्थची, खूप लवचीक अशा सिलिकॉन आवरणाच्या वायरीने नव्या करा. प्लेट पूर्ण फिरली तरी ताण येणार नाही एवढी लांबी ठेवा. इथे सोल्डर शक्यतो टाळा. सोल्डर वायरमध्ये झिरपतं, वायर तिथे कडक होते आणि बरोबर त्या कडेलाच तुटते.

रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावायचा का? माझं मत: स्विच आणि लग साफ करूनही अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तरच. रिलेच्या ३० नंबरच्या टोकाला बॅटरीतून फ्यूजमार्गे वायर, ८७ वरून कॉइल, ८६ ला किल्लीची जुनी वायर, ८५ ला आर्थ. लावल्यावर किल्ली बंद करून इंजिन लगेच बंद होतंय ना, ते तपासा. चार्जिंगच्या लाल दिव्याच्या वायरीतून उलटा करंट येऊन रिले ओढलेला राहू शकतो.

६. पॉइंट आणि टायमिंग

नवे पॉइंट बसवण्याआधी त्यांच्या तोंडावरचा संरक्षक तेलाचा थर पुसा. तो राहिला तर ठिणगीच येत नाही आणि माणूस चक्रावतो. पॉइंटची टाच कॅमच्या (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्यांच्या) टोकावर असताना फिलर गेजने गॅप घ्या. बऱ्याच गाड्यांत ती ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असते, पण तुमच्या पुस्तकातला आकडा खरा. पाती किंचित अडखळत सरकली पाहिजे, ओढावी लागता कामा नये. कॅमवर ग्रीस मोहरीएवढंच. जास्त झालं तर उडून पॉइंटवर बसतं.

गॅप आधी, टायमिंग नंतर. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकतं.

स्थिर टायमिंगसाठी एक नंबरचा प्लग काढा, भोकावर अंगठा ठेवा आणि इंजिन फिरवा. अंगठा ढकलला गेला म्हणजे कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. पुलीवरची खूण पुस्तकातल्या अंशांवर आणा. टेस्ट लॅम्प कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला आणि आर्थला लावून किल्ली चालू करा. डिस्ट्रिब्युटरची बॉडी आधी रोटर फिरतो त्या दिशेने थोडी फिरवून दिवा विझवा. मग रोटरच्या उलट दिशेने हळूहळू आणा. दिवा पेटला त्या क्षणी पॉइंट उघडले. तिथेच क्लॅम्प आवळा.

गाडी चालू झाली की इंजिन तापू द्या, व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा, खुणेला खडू लावा आणि टायमिंग लाइटने पक्कं करा. सैल बाह्या आणि लाइटची वायर पंख्यापासून लांब. फेऱ्या वाढवल्या की खूण हळूहळू सरकली पाहिजे. सरकत नसेल तर प्लेटखालची वजनं गंजून अडकली आहेत. इंजिन बंद असताना रोटर बोटाने फिरवून सोडला तर तो स्प्रिंगने परत यायला हवा.

या टप्प्यावर महिनाभर गाडी चालवा. खरंच.

७. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवा

पॉइंटच्या जागी बसणारं किट नवख्यांसाठी सर्वात सोपं. कॅमवर चुंबकाची रिंग बसते आणि मॉड्यूल तिची हालचाल ओळखून करंट तोडतं. घासणारं काही उरत नाही, त्यामुळे गॅप बदलत नाही आणि टायमिंग सरकत नाही.

घेताना तीन गोष्टी जुळवा: डिस्ट्रिब्युटरचा नेमका नंबर, आर्थ कुठला, आणि त्या मॉड्यूलला कॉइलचा कमीत कमी किती रोध चालतो.

नेहमीच्या दोन वायरींच्या निगेटिव्ह आर्थ किटमध्ये लाल वायर किल्लीमागच्या पूर्ण १२ व्होल्टला आणि काळी कॉइलच्या निगेटिव्हला जाते. गाडीत बॅलास्ट असेल तर लाल वायर बॅलास्टच्या आधीच्या टोकाला लावा. कॉइलवर लावली तर मॉड्यूल उपाशी राहतं आणि गाडी गरम झाल्यावर रुसते. १.५ ओहमच्या कॉइलचा बॅलास्ट मात्र तसाच राहू द्या. जुना कंडेन्सर काढा. किटबरोबर उष्णता वाहणारी पेस्ट दिली असेल तर तिचा पातळ थर लावा. प्लेटची आर्थ वायर इथेही तितकीच जीव की प्राण.

इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवून रेडिओ ऐकायची सवय सोडा. कित्येक मॉड्यूल आणि कॉइल तशाच जळतात. मॉड्यूल बसवल्यावर टायमिंग पुन्हा करावंच लागतं. दिव्याची युक्ती इथे भरवशाची नाही, टायमिंग लाइटच वापरा. आणि फेऱ्यांचा काटा अचानक मेला तर घाबरू नका. काही जुने मीटर कॉइलचा करंट मोजतात, त्यांना मॉड्यूलचा संकेत कळत नाही.

८. हाय टेन्शन बाजू

कॅप आतून उजेडात धरून बघा. पेन्सिलच्या रेघेसारखी काळी बारीक रेघ दिसली तर ती ठिणगीने जाळलेली वाट असते. पुसून जात नाही. कॅप बदला. मधला कार्बनचा दट्ट्या दाबून सोडला की परत वर आला पाहिजे.

इलेक्ट्रॉनिकवर गेलात तर तांब्याच्या गाभ्याच्या, रोध नसलेल्या प्लग वायरी काढा. त्यांच्या विद्युत गोंगाटाने मॉड्यूल गोंधळू शकतं. एकापाठोपाठ पेटणाऱ्या शेजारच्या सिलिंडरच्या वायरी लांबवर चिकटून नेऊ नका, एकीची ठिणगी दुसरीत उतरते. पुष्कळ चार सिलिंडरच्या इंजिनांत क्रम १-३-४-२ असतो, पण कॅपवर तो रोटर फिरतो त्याच दिशेने मोजायचा.

प्लगची गॅप पॉइंटवर साधारण ०.६ ते ०.६५ मिलिमीटर. जोरदार कॉइल आणि मॉड्यूल असेल तर ०.९ पर्यंत नेता येते, पण किटचा कागद सांगेल तेवढीच. चालू इंजिनात प्लग वायर हाताने उपसून ‘करंट येतो का’ बघू नका. हृदयाला पेसमेकर असलेल्यांनी तर उघड्या बॉनेटपाशी उभंच राहू नये.

९. चालू होत नसेल तर

सेल्फ फिरतो, पण गाडी पेट घेत नाही, अशा वेळी या क्रमाने जा. कॉइलच्या किल्लीकडच्या टोकावर करंट आहे का? नसेल तर स्विच किंवा वायर. आहे, मग दुसऱ्या टोकावर टेस्ट लॅम्प लावून सेल्फ मारा. दिवा मिचमिचला तर प्रायमरी ठीक, पुढे कॉइल, रोटर, कॅप बघा. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, मॉड्यूल मेलंय किंवा आर्थ तुटलाय. पेटलाच नाही तर पॉइंट उघडत नाहीत, वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे, कंडेन्सर शॉर्ट आहे किंवा कॉइलचं प्रायमरी आतून तुटलंय. सगळं बरोबर असून गाडी कार्ब्युरेटरमधून फटके मारत असेल, तर डिस्ट्रिब्युटर १८० अंश उलटा बसलाय का ते बघा. रोटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून पुलीची खूण जुळूनही रोटर बरोबर समोरच्या खाच्याकडे तोंड करून असू शकतो.

काढलेले पॉइंट, कंडेन्सर, त्यांचे स्क्रू आणि एक फिलर गेज डबीत घालून डिकीत ठेवा. डबीच्या झाकणावर गॅपचा आकडा लिहून चिकटवा. मॉड्यूल वाटेत गेलं तर दुरुस्त होत नाही, पण पॉइंट रस्त्याच्या कडेला, टॉर्चच्या उजेडातही बसवता येतात.